कंट्रोलच्या मुलीची प्रश्नावली

(सूचना: उत्तरे नेमकी व दिलेल्या जागेत लिहावीत. जागा अपुरी पडल्यास पानाच्या मागे लिहावे. चूक झाल्यास गिरवू नये. आडवी रेघ मारून दुरुस्ती करावी.)

प्रश्न १. प्रश्नावली भरणाऱ्याचे मुलाशी नाते.

वडील.

आणि ही प्रश्नावली तयार करणाराही मीच. नऊ वर्षांपूर्वी लॅबमध्ये बसून हे एकवीस प्रश्न मी टाइप केले. आजही प्रत्येक प्रतीला डाव्या कोपऱ्यात तिरकी पिन मीच मारतो. मगाशी सिस्टरनं ही प्रत हातात दिली तेव्हा पिन बघूनच ओळखली.

"मधुमेह निघालेल्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांकडून भरून घेतो आम्ही," ती म्हणाली. "कसलंतरी संशोधन चाललंय. सोपी आहे, घाबरू नका."

"मला ठाऊक आहे."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि पेन देऊन गेली. पेनही लॅबचंच होतं.

प्रश्न २. मुलाची सध्याची स्थिती.

बेशुद्ध.

मुलांचा अतिदक्षता विभाग, खाट तीन. मुलगी, वय सात. आता दुपारचे दोन वाजलेत. सकाळी अकराला आत नेलं तेव्हा डोळे मिटलेले होते, अजून मिटलेलेच आहेत. साखर हळूहळू उतरवावी लागते, घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. दर तासाला कुणीतरी येतं, तिची पापणी वर करून टॉर्च मारतं आणि काही न बोलता जातं.

"संध्याकाळपर्यंत जाग यायला हवी," डॉक्टर म्हणाले.

"यायला हवी म्हणजे येईल?" हिच्या आईनं विचारलं.

"यायला हवी," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

या प्रश्नाला मी अर्धी ओळ जागा ठेवली होती. तेव्हा पुरेशी वाटली होती.

प्रश्न ३. पहिले लक्षण कोणते? ते प्रथम कोणाच्या लक्षात आले?

मामाच्या.

आमच्या घरात चार माणसं. मी लॅबमध्ये तंत्रज्ञ. बायको शहर-बसची ड्रायव्हर, तिची पाळी पहाटेची. तिचा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहतो. नळ आणि पाइप दुरुस्त करतो. आणि आमची मुलगी खारू. पेन्सिलींचे तुकडे, खोडरबर, बाटल्यांची झाकणं उशीच्या अभ्र्यात लपवते, म्हणून खारू.

तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी मी पेपर वाचत होतो. मामा संडासाच्या दाराबाहेर उभा राहून कान देऊन ऐकत होता.

"दाजी, सकाळपासून फ्लश अकरा वेळा गेला."

"मोजत बसलास?"

"मोजावं लागत नाही. व्हॉल्व्ह मी बसवलाय, आवाज कळतो मला. त्यातले आठ खारूचे."

"ऊन किती आहे बघ. पाणी पिते पोरगी. चांगली सवय आहे."

"पिते तेवढंच जातंय दाजी. मध्ये काही थांबतच नाही. आमच्याकडे याला गळती म्हणतात."

मी हसलो. रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांवर नऊ वर्षं काम करणाऱ्या माणसाला एक प्लंबर शरीरशास्त्र शिकवत होता, म्हणून हसलो. त्याच आठवड्यात खारूनं दोनदा गादी ओली केली. शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला, तर हिच्या आईनं सेफ्टी पिन लावली. मी म्हणालो, उंच होतेय.

प्रश्न ४. लक्षणे दिसल्यावर कुटुंबाने काय केले? (एका वाक्यात)

मी तिच्या जनुकांची तपासणी केली.

(पुढचं पानाच्या मागे.)

हिची आई म्हणाली होती, "एवढी मोठी लॅब आहे ना तुझी? मग एकदा तपास की तिला. मनाला शांती मिळेल." तिला म्हणायचं होतं रक्तातली साखर. बोटाला टोच, एक थेंब, दहा सेकंद. हे यंत्र आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही आहे. आमच्या लॅबमध्ये मात्र ते नाही. आमच्याकडे खोलीभर पसरलेली यंत्रं आहेत, ती साखर बघत नाहीत. पुढे कधीतरी साखर बिघडेल का, ते बघतात.

म्हणून मी खारूच्या गालाच्या आतून कापूस फिरवला, तिला गुदगुल्या झाल्या, आणि तो कापूस नळीत घालून सोमवारी लॅबमध्ये नेला. नमुन्यांच्या पुढच्या तुकडीत एक जागा रिकामी होती. अहवालाला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत ती पाणी पीत होती.

आम्ही नेमकं काय बघतो ते इथे लिहायला हवं, नाहीतर माझा मूर्खपणा समजणार नाही. आपल्या काही पेशींच्या दारात एक तबक असतं. आतल्या मालाचा छोटा तुकडा त्या तबकात ठेवून पेशी तो बाहेरच्या पहारेकऱ्यांना दाखवते. हे आपलं, हे परकं. तबकाचा आकार जनुकं ठरवतात. काही आकारांत आपलाच माल असा काही वाकडा बसतो की पहारेकऱ्यांना तो शत्रू वाटतो, आणि मग ते इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशी एकेक करून मारतात. काही आकार उलट राखण करतात. प्रत्येकाकडे तबकांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. आम्ही दोन्ही ओळखतो, तक्त्यात बघून प्रत्येकाचे गुण मांडतो, बेरीज करतो आणि घरी पत्र पाठवतो: अधिक धोका, मध्यम धोका, अल्प धोका.

मला लॅबमध्ये 'कंट्रोल' म्हणतात. दर तुकडीत एक असा नमुना लावावा लागतो ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे. तो बरोबर आला तर बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा. माझ्या एका संचात राखण करणारं सगळ्यात भक्कम तबक आहे. म्हणून नऊ वर्षं तो नमुना माझ्या रक्ताचा. "कंट्रोलला बोलवा, संपत आलाय," असं लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणतात, मी बाही वर करतो.

असा बाप असल्यावर पोरीला काय होणार, असं मला वाटत होतं. वाटत होतं हा शब्द या प्रश्नावलीत कुठेच बसत नाही.

अहवाल आला. माझं भक्कम तबक तिला मिळालं नव्हतं. मिळाला होता माझा दुसरा, साधा संच. जरा वाईट वाटलं, वडिलोपार्जित घड्याळ भलत्याला गेल्यासारखं. पण बेरीज कमी होती. अल्प धोका. मी ते पत्र लॅबच्या शिक्क्यासह घरी आणून फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलं.

खारूनं ते वाचलं, फ्रिज उघडला आणि पाण्याची बाटली काढली.

भर पावसात उभं राहून, उद्या पाऊस पडेल का, याचं गणित मी नऊ दिवस केलं. उत्तर आलं: शक्यता कमी.

प्रश्न ५ ते ८. (आहाराविषयी)

भात, भाजी, अंडी, दूध. सगळ्यांसारखंच. मॅडमनाही हे प्रश्न नको होते, पण निधीच्या अर्जात लिहून बसलो होतो, म्हणून राहिले.

प्रश्न ९. वडिलांकडील पूर्वज. (योग्य चौकटीत खूण करा.)

खूण केली.

प्रश्न १०. आईकडील पूर्वज. (योग्य चौकटीत खूण करा.)

इथे हिच्या आईनं पेन हिसकावून घेतलं. ती बसच्या गणवेशातच आली होती. अर्ध्या वाटेत फोन आला, तेव्हा डेपोत बस लावून धावत आली.

"माझ्या माणसांची चौकट कुठाय?"

"शेवटची. 'इतर'."

"इतर? माझी आजी समुद्रापलीकडून आली, तिच्यासोबत दोन बोटी भरून माणसं आली. या शहरात आमच्या चार गल्ल्या आहेत. माझ्या बसमध्ये रोज निम्मे आमचेच चढतात. आणि आम्ही इतर?"

"फॉर्म जुना आहे."

"फॉर्म कोणी केलाय?"

ती काचेजवळ गेली आणि खारूकडे बघत उभी राहिली. मग वळून हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडून तिला काय गेलं? तुझं साधं गेलं, ते कळलं. माझं काय गेलं, ते कुठे लिहिलंय?"

खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं. बेरीज बघितली होती. पोरीला आईही असते, हे जनुकांच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

लॅबमध्ये आकडे सांभाळणाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे गणपुले मास्तर म्हणतात. गणपुले नाही आणि मास्तरही नाही, पण वही शाळेतल्या मास्तरसारखी धरतो.

"मास्तर, माझ्या मुलीच्या आईकडच्या संचाला किती गुण दिलेत?"

कीबोर्ड वाजला. "शून्य."

"शून्य म्हणजे धोका नाही?"

"शून्य म्हणजे माहिती नाही."

"मग 'माहिती नाही' असं का नाही लिहिलं?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी?"

"अरे बाबा, आठव की. तक्ता थंड देशातल्या बारा हजार मुलांवरून बनलाय. हे तबक त्या सगळ्यांत मिळून तिघांकडे होतं. तिघांवरून काय काढणार? म्हणून त्यांनी रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना आला की आपल्या पत्राची छपाई अडायची. तू वैतागून वर आलास. म्हणालास, मास्तर, काहीतरी टाका, दोनशे पाकिटं पडलीयेत. म्हटलं, काय टाकू? म्हणालास, शून्य टाका, शून्यानं कुणाचं काय बिघडतंय."

मला आठवलं. त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता.

"मास्तर, पण आपल्याकडच्या मुलांत हे तबक..."

"आपल्याकडे आजारी पडलेल्या दर पाच मुलांत एकाकडे आहे. वहिनींच्या लोकांच्या गल्ल्यांत तर निम्म्यांकडे. मॅडमच्या कपाटात आहे ना सगळं. शोधनिबंध छापून येईपर्यंत तक्त्याला हात लावायचा नाही, असं ठरलंय." मग म्हणाला, "का रे? पोरगी बरी आहे ना?"

प्रश्न १४. निदान कोठे व कसे झाले?

(११ ते १३ लागू नाहीत. आणि मला आता क्रमाचा कंटाळा आलाय.)

गल्लीतल्या औषधाच्या दुकानात झालं. मामानं केलं.

आज सकाळी शाळेतून फोन आला: खारू बाकावर झोपलीय, उठवली तर धापा टाकतेय. मी लॅबमध्ये होतो, हातात नळ्या होत्या. म्हटलं, सर्दी असेल, हे लावून निघतो. हिची आई बसवर. मामा जवळच कुणाच्या तरी सिंकखाली आडवा झालेला. पाना हातात घेऊन तसाच पळाला. खारूला खांद्यावर घेतली तर तिच्या तोंडाला पिकलेल्या फळांसारखा वास येत होता. हे त्यानं मला नंतर चारदा सांगितलं.

दवाखान्याच्या वाटेवर ते दुकान लागतं. दुकानदारानं काउंटरवरच तिचं बोट टोचलं.

"आकडा आलाच नाही दाजी," मामा सांगत होता. अजूनही पाना त्याच्या हातात होता. "मी म्हटलं बिघडलं का मशीन? तो म्हणाला, नाही. याची मोजायची हद्द संपली की हे आकडा देत नाही. सरळ सांगतं की मला जमत नाही, दवाखान्यात पळा. मग पळालो."

खिशात मावणारं यंत्र. जिथे कळत नाही तिथे शून्य लिहीत नाही.

प्रश्न १९. मुलाच्या धोक्याचे मूल्यमापन पूर्वी झाले होते काय? असल्यास निष्कर्ष.

होय. फ्रिजवर आहे.

प्रश्न २०. अन्य काही सांगावयाचे आहे काय?

चार वाजता मॅडम आल्या. मास्तरांनी कळवलं असणार. आधी हिच्या आईचा हात हातात घेतला, खरोखर घेतला, डोळ्यांत पाणी होतं. काचेतून खारूकडे बराच वेळ बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचा साधा संच आणि आईचा तो. अशा जोड्या आपल्याकडे फक्त दोनच आहेत. आईवडील, मामा, सगळ्यांचे नमुने मिळाले तर निबंधाला फार बळकटी येईल. आत्ता नाही, सावकाश."

मी आधी असंच बोललो असतो. असंच बोललोही आहे, याच खुर्च्यांवर बसलेल्या लोकांशी.

"मॅडम, माझ्या घरी आलं तशी शून्य टाकलेली आणखी पत्रं किती गेली?"

"ते बघावं लागेल."

"मी बघितलं. मास्तरांनी यादी पाठवली. सतरा. सगळी 'अल्प धोका'. पाकिटं मीच चिकटवलीत."

"निबंध आला की आपण रीतसर दुरुस्तीपत्र काढू. मध्येच फोन केले तर घाबरतील लोक. शिवाय अल्प काय, अधिक काय, धोका म्हणजे आजार नव्हे, हे तुम्हाला कोणी सांगायचं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. बरोबरच होतं. मॅडमचं सगळं नेहमी बरोबरच असतं.

हिची आई मागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिनं प्रश्नावली माझ्या हातातून घेतली, शेवटचं पान काढलं आणि भिंतीला टेकवून लिहिलं.

प्रश्न २१. आपले कुटुंब या संशोधनात सहभागी होण्यास संमती देते काय? (होय / नाही)

*आधी सतरा फोन. मग सही. मामाचंही रक्त देऊ. – आई*

"दोन पर्यायच आहेत यात," मी म्हणालो.

"मग रकाना वाढव," ती म्हणाली. "तुझाच फॉर्म आहे."

मॅडमनी ते वाचलं. काहीतरी बोलणार होत्या, पण काचेपलीकडे कुणीतरी टॉर्च मारत होतं, तिकडे आम्ही तिघंही वळलो. टॉर्च विझला. तो माणूस पुढच्या खाटेकडे गेला. मॅडम पर्स उचलून म्हणाल्या, "मी वाचलं नाही, असं समजा," आणि जिन्याकडे गेल्या. जाताना एकदा वळल्या. "यादीतले दोन फोन क्रमांक बदललेत. नवे मास्तरांकडे आहेत."

(मागच्या पानावर. प्रश्न नाही.)

व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी उभा राहून फोन लावले. पहिल्यानं कट केला, बँकवाला समजून; पुन्हा लावला तेव्हा ऐकून घेतलं. दुसरीकडे सगळं ठीक होतं. तिसरीकडे एक आजोबा जनुकं म्हणजे काय तेच विचारत राहिले. मग मी जनुकं सोडून दिली. लॅबचं नावही सोडलं. सरळ विचारायला लागलो: मूल पाणी किती पितं? रात्री उठतं का? कपडे सैल होतायत का?

"हे कसलं संशोधन?" एका बाईनं विचारलं.

"प्लंबिंगचं," मी म्हणालो. त्या हसल्या आणि नीट सांगायला लागल्या.

नवव्या फोनवर एक बाप होता. आवाज खुशीत. "पाणी? अहो, पितो की. हंडे रिकामे करतो. रात्री तीनदा उठतो, माझी झोप मोडतो. पण काळजी नाही, आमच्याकडे मोठ्या लॅबचं पत्र आहे. थांबा, वाचून दाखवतो, फ्रिजवरच आहे." आणि त्यानं मला माझं पत्र वाचून दाखवलं. शिक्क्यासकट. सही करणाऱ्याच्या नावासकट.

"ते पत्र चुकलंय," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"ज्यानं पाठवलं तो. जवळच्या औषधाच्या दुकानात जा. आत्ता. बोटाला टोचा. दहा सेकंद लागतात. मी फोन धरून ठेवतो."

"धरून ठेवता?"

"ठेवतो."

चपला सरकवल्याचा आवाज आला. मुलाला हाक मारल्याचा. दार. मग रस्ता, हॉर्न, मुलाची कुरकूर की मला कार्टून बघायचंय. मी फोन कानाला लावून उभा होतो तेव्हा मामा व्हरांड्याच्या त्या टोकाकडून पळत आला. पान्यासकट.

"दाजी, खारू..."

मी हात वर केला. थांब. तो थांबला नाही.

"डोळे उघडलेत. आईला ओळखलं. पाणी मागतेय."

"देतायत?"

"ओला कापूस ओठांना लावतायत फक्त. चिडलीय. म्हणते, बाटली कुठाय माझी."

कानात त्या बापाचा आवाज आला, धाप लागलेला. "हॅलो? आहात ना? इथे आकडा आलाय. तीनशे ऐंशी. हे बरं की वाईट?"

"दवाखान्यात जा," मी म्हणालो. "मुलगा चालतोय ना? बोलतोय ना? मग वेळेत आहात. आता निघा."

"पण पत्रात तर..."

"पत्र फाडा."

प्रश्न २. (दुरुस्ती)

~~बेशुद्ध.~~ जागी. वेळ पाच वाजून दहा मिनिटे. पाणी मागते. मी काचेपर्यंत जाऊन आलो. तिनं मला बघून तोंड फिरवलं, मग एक बोट वर करून दाखवलं, टोचलेलं.

बाकी फोन: आठ.